शुक्र म्हणजे सोसणे नव्हे

इस्लाममधील अहंकार आणि कृतज्ञता (अरबीत ‘शुक्र’) या विषयावर आज जो वाद घातला जातो, त्यात दोन्ही बाजू एकाच चुकीच्या गृहीतकावर उभ्या आहेत आणि म्हणूनच हा वाद जागचा हलत नाही. एका बाजूला असे प्रवचनकार आहेत, की ज्यांच्या लेखी अहंकार म्हणजे भारी कपडे, मोठी गाडी आणि चढा आवाज, तर कृतज्ञता म्हणजे ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून मिळेल त्यात समाधान मानणे. दुसऱ्या बाजूला असे टीकाकार आहेत, की ज्यांच्या मते धर्माने माणसाला मान खाली घालायला शिकवले, पोट भरले नाही तरी आभार मानायला लावले, आणि त्यामुळे प्रत्येक जुलमी सत्तेचे फावले. एक बाजू ज्याला सद्गुण म्हणते त्यालाच दुसरी गुलामी म्हणते. पण तो गुण नेमका काय आहे याविषयी मात्र दोघांचे एकमत आहे. नम्रता म्हणजे वाकणे आणि कृतज्ञता म्हणजे गप्प बसणे, हे दोघांनीही धरून चालले आहे. माझे म्हणणे असे, की हे एकमतच चुकीचे आहे. कुरआन आणि हदीस (प्रेषितांच्या उक्ती व कृतींच्या नोंदी) ज्याला अहंकार म्हणतात तो ताठ मानेत नसतो. सत्य नाकारण्यात आणि दुसऱ्या माणसाला तुच्छ लेखण्यात असतो. आणि ज्याला ते कृतज्ञता म्हणतात, ती मिळालेल्या गोष्टीचे ऋण ओळखून ते माणसांपर्यंत पोहोचते करण्याची जबाबदारी आहे. या अर्थाने पाहिले तर कृतज्ञता अन्यायाला पोसत नाही, उलट त्याच्या मुळावर येते.

मूळ कथेपासूनच पाहू. कुरआनात सांगितलेली पहिली अवज्ञा भुकेतून, मोहातून किंवा अज्ञानातून घडलेली नाही. इब्लीस, म्हणजे सैतान, ईश्वराला मानत होता, त्याच्याशी बोलत होता, इतकेच नव्हे तर पुढे त्याच्याच सामर्थ्याची शपथ घेत होता. त्याने नाकारला तो आदमपुढे, म्हणजे पहिल्या मानवापुढे, करायचा एक सजदा (जमिनीवर माथा टेकणे), आणि तोही कारण देऊन: ‘मी त्याच्यापेक्षा श्रेष्ठ आहे, मला तू अग्नीपासून घडवलेस आणि त्याला मातीपासून.’ ज्या द्रव्यापासून आपण घडलो, म्हणजे ज्यात आपले काडीइतकेही कर्तृत्व नाही, त्याच्या जोरावर सांगितलेला हा श्रेष्ठत्वाचा दावा आहे. वंश, वर्ण, भाषा, कूळ यांच्या नावाने पुढे माणसांनी जे जे दावे केले, त्यांपैकी एक तरी याहून वेगळ्या पायावर उभा आहे काय? कुरआनाच्या सातव्या सूरेत (अध्यायात) हा प्रसंग वाचताना आणखी दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी, की पकडले गेल्यावर इब्लीस म्हणतो, ‘तू मला भरकटवलेस’, आणि काही आयतींनंतर (वचनांनंतर) आदम व त्यांची पत्नी स्वतःची चूक झाल्यावर म्हणतात, ‘आम्ही आमच्यावरच अन्याय केला.’ चूक दोन्हीकडे झाली. पण एकाने ती दुसऱ्याच्या माथी मारली आणि दुसऱ्याने ती पत्करली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इब्लीस मानवजातीविरुद्ध जी धमकी देतो, तिचा शेवट ‘तू त्यांच्यातील बहुतेकांना कृतज्ञ आढळणार नाहीस’ या शब्दांनी होतो. माणसे खून करतील, चोरी करतील, असे तो म्हणत नाही. ती कृतज्ञ राहणार नाहीत, असे म्हणतो. अहंकाराला आपला खरा शत्रू कोण ते चांगले कळलेले असते.

मग अहंकाराची व्याख्या काय? येथे अंदाज बांधण्याची गरज नाही, कारण हा प्रश्न प्रेषित मुहंमद (स.) यांना थेट विचारला गेला होता. अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी सांगितलेली आणि ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात नोंदलेली हदीस अशी आहे: ज्याच्या अंतःकरणात कणभरही अहंकार असेल, तो स्वर्गात प्रवेश करणार नाही, असे प्रेषितांनी म्हटल्यावर एकाने विचारले, की माणसाला आपले कपडे चांगले असावेत, पायतण चांगले असावे असे वाटते, त्याचे काय? प्रेषितांनी उत्तर दिले, की अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे. अहंकार म्हणजे सत्य धुडकावणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. विचारणाऱ्याने कपड्यांविषयी विचारले होते, आणि उत्तराने कपड्यांचा विषय तेथेच निकालात काढला. असे असताना आजही अहंकारावरील प्रवचने कपड्यांपाशीच का घुटमळतात? कारण कपड्यांवर बोलणे सोपे असते. ‘सत्य धुडकावणे’ हा निकष लावला, तर तो श्रीमंतासोबत प्रवचनकारालाही लागू होतो, मशिदीच्या विश्वस्तालाही आणि घरातील कर्त्या पुरुषालाही. मुलीने बरोबर मुद्दा मांडला असताना केवळ ती मुलगी आहे म्हणून तिला गप्प बसवणारा बाप साध्या कपड्यांत असला तरी या व्याख्येतून सुटत नाही.

टीकाकारांचा सर्वांत बळकट मुद्दा इतिहासाचा आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ६६१ ते ७५० या काळात सत्तेवर असलेल्या उमय्या घराण्याला ‘जे घडते ते ईश्वराच्या इच्छेनेच घडते’ हा विचार अतिशय सोयीचा होता, कारण मग त्यांचे राज्यही ईश्वराच्या इच्छेनेच आले असे म्हणता येत होते आणि त्याविरुद्ध तक्रार करणारा ईश्वराच्या निर्णयाविरुद्ध तक्रार करणारा ठरत होता. माणूस आपल्या कृत्यांना स्वतः जबाबदार आहे असे मांडणाऱ्या घैलान दमिश्की यांना खलिफा हिशाम यांच्या कारकिर्दीत ठार करण्यात आले. पुढच्या काळातही दरबारी मौलवींनी रयतेला सबुरीचे आणि शुक्राचे धडे दिले आणि खजिन्याकडे मात्र डोळेझाक केली, हे कोणी नाकारू नये. पण या इतिहासातून सिद्ध काय होते? एखादी शिकवण सत्तेने वापरली एवढ्यावरून ती सत्तेसाठीच निर्माण झाली असे म्हणता येत नाही. ती वापरण्यापूर्वी सत्तेला तिच्यात काय बदल करावा लागला, हे पाहावे लागते. येथे केलेला बदल सहज दिसतो. ज्याच्याकडे आहे त्याने मानायचे ऋण, ज्याच्याकडे नाही त्याच्या माथी मारण्यात आले. कृतज्ञतेची दिशाच उलटी करण्यात आली.

मूळ दिशा कोणती होती, हे पाहण्यासाठी त्र्याण्णवावी सूरा, ‘अद्-दुहा’, पुरेशी आहे. मक्केतील सुरुवातीच्या काळातली ही छोटीशी सूरा प्रेषितांनाच उद्देशून आहे. तिच्यात आधी तीन आठवणी करून दिल्या आहेत: तू अनाथ होतास, त्याने तुला आसरा दिला, तू वाट शोधत होतास, त्याने तुला वाट दाखवली, तू गरजू होतास, त्याने तुला संपन्न केले. आणि लगेच तीन आज्ञा येतात: म्हणून अनाथावर जबरदस्ती करू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस आणि आपल्या पालनकर्त्याच्या कृपेविषयी सांगत राहा. पहिल्या दोन आज्ञांत ईश्वराचे आभार शब्दांनी मानण्याचा उल्लेखसुद्धा नाही. ज्या अवस्थेतून आपण वर आलो, त्या अवस्थेत आज जो आहे त्याच्याशी आपण कसे वागतो, यातूनच आभार मोजले जातात, आणि तोंडाने सांगण्याची पाळी त्यानंतर येते. येथे अनाथाला ‘तू शुक्र कर’ असे कोणी सांगितलेले नाही. सांगणे आहे ते एके काळी अनाथ असलेल्या आणि आता आधार मिळालेल्या माणसाला. ही सूरा ज्यांना पाठ आहे, त्यांनी उपाशी माणसाला समाधानाचे धडे द्यावेत, याहून मोठी विसंगती कोणती?

हाच विचार इस्लामी विचारवंत इमाम गझाली यांनी अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकाळात अधिक काटेकोरपणे मांडला. १०९५ मध्ये त्यांनी बगदादच्या निजामिया विद्यापीठातील अत्यंत मानाचे पद सोडले, आणि त्यामागचे कारण आपल्या आत्मकथनात त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले: आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नसून कीर्ती आणि प्रतिष्ठा यांच्या ओढीने शिकवतो, असे त्यांना आढळले होते. ‘इह्या उलूम अद्-दीन’ या त्यांच्या ग्रंथात अहंकार हा माणसाचा नाश करणाऱ्या गोष्टींत येतो आणि कृतज्ञता त्याला तारणाऱ्या गोष्टींत. कृतज्ञतेचे ते तीन घटक सांगतात: देणारा कोण हे जाणणे, त्या जाणिवेने अंतःकरणात उमटणारा आनंद आणि मिळालेली वस्तू ज्या हेतूने दिली गेली त्या हेतूने वापरणे. या तिसऱ्या घटकाचा अर्थ स्पष्ट करताना ते नाण्यांचे उदाहरण घेतात. सोने आणि चांदी यांचा स्वतःचा काही उपयोग नसतो, ती खाता येत नाहीत की पांघरता येत नाहीत. निरनिराळ्या वस्तूंचे मोल ठरवून व्यवहार चालू ठेवणे हेच त्यांचे काम. म्हणून जो नाणी साठवून ठेवतो, त्याने जणू लोकांमध्ये न्यायनिवाडा करणाऱ्याला कोठडीत डांबले, असे गझाली म्हणतात, आणि साठेबाजी व व्याज या दोन्ही गोष्टींना ते कृतघ्नतेत धरतात. आता सांगा, ही गप्प बसण्याची शिकवण आहे काय? जो विचारवंत शुक्रावर लिहिता लिहिता सावकाराच्या आणि साठेबाजाच्या व्यवहारापर्यंत जाऊन पोहोचतो, त्याच्या परंपरेवर ‘गरिबांना झोपवणारी’ असा शिक्का मारण्याआधी निदान तो वाचायला हवा.

दुसरा आक्षेप आधुनिक काळातला आहे आणि तरुणांच्या मनात तो अधिक असतो: माणसाने आपल्या गुणांवर विश्वास ठेवू नये काय? स्वतःचे श्रेय घेऊ नये काय? सतत ‘मी कोणी नाही’ म्हणणारा माणूस काही घडवू शकेल काय? या आक्षेपात तथ्य आहे, कारण खोटी नम्रता अनेक घरांत मुलांचा आत्मविश्वास ठेचण्यासाठीच वापरली जाते. पण याचे उत्तर कुरआनातच, दोन माणसांच्या जवळजवळ सारख्या वाक्यांत, पडलेले आहे. अट्ठाविसाव्या सूरेत कारून नावाचा धनाढ्य येतो. त्याच्या खजिन्याच्या नुसत्या किल्ल्या उचलताना बळकट माणसांचा जथा वाकून जात असे. लोक त्याला म्हणतात, की ईश्वराने जसे तुझे भले केले तसे तूही लोकांचे भले कर. त्यावर तो म्हणतो, ‘हे मला माझ्याकडील ज्ञानामुळे मिळाले आहे.’ इकडे बाराव्या सूरेत प्रेषित यूसुफ तुरुंगातून थेट राजासमोर येतात आणि म्हणतात, ‘मला देशाच्या कोठारांवर नेमा, मी सांभाळणारा आहे, जाणकार आहे.’ ज्ञानाचा दावा दोघांनीही केला आहे. यूसुफ संकोचत नाहीत, ‘मी कसला योग्य’ असे म्हणत नाहीत. स्वतःची पात्रता स्पष्ट शब्दांत सांगून ते पद मागतात. मग एक धरणीच्या पोटात जातो आणि दुसरा आदर्श ठरतो, तो कशामुळे?

फरक दोन ठिकाणी आहे. यूसुफ यांनी तुरुंगातच आपल्या सोबत्यांना सांगून ठेवले होते, की हे ज्ञान मला माझ्या पालनकर्त्याने शिकवले आहे. म्हणजे ज्ञान आपल्याकडे आहे हे त्यांनी नाकारले नाही, पण ते आपल्यापासून सुरू झाले असेही मानले नाही. आणि पद मागताना त्यांच्यासमोर येणारा सात वर्षांचा दुष्काळ होता. कोठारे त्यांना लोकांसाठी हवी होती. कारूनची मिळकत मात्र त्याच्यापाशीच थांबली. तो आपला सगळा थाट घेऊन लोकांपुढे मिरवला आणि पाहणारे हळहळले, की आपल्यालाही असे असते तर! अहंकारी माणूस स्वतःचे गुण ओळखतो हा त्याचा दोष नाही. त्या गुणांमागे असलेले शिक्षक, आईवडील, सोबती, संधी आणि शेवटी निर्माता, हे सगळे तो हिशेबातून पुसून टाकतो, हा त्याचा दोष आहे. म्हणूनच अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांतील हदीस सांगते, की जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही. माणसांना वगळून थेट आकाशाशी जोडलेली कृतज्ञता इस्लामला मान्य नाही, आणि धार्मिक म्हणवणाऱ्या कितीतरी यशस्वी लोकांनी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे.

कृतज्ञ माणसाने तक्रार करू नये, हाही असाच एक रुजून बसलेला समज. दुःखात असलेल्या माणसाला ‘शुक्र करा, याहून वाईट होऊ शकले असते’ असे सांगणारे लोक धर्माच्या नावाखाली स्वतःची अस्वस्थता टाळत असतात. यूसुफ यांचे वडील याकूब पुत्रवियोगाने इतके रडले, की त्यांचे डोळे पांढरे पडले, असे कुरआन सांगतो, आणि आपले दुःख आपण अल्लाहपाशी मांडतो असे ते म्हणतात. प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि डोळे पाझरतात, हृदय दुःखी होते, पण पालनकर्त्याला आवडेल तेच आम्ही बोलतो, असे ते म्हणाले. आणि तक्रार दुःखाची नसून अन्यायाची असेल तर? अट्ठावन्नाव्या सूरेची सुरुवातच एका तक्रारीने होते. खौला बिन्त सअलबा यांच्या पतीने रागाच्या भरात ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ असे जुन्या रूढीतले शब्द उच्चारले होते. त्या रूढीनुसार अशी स्त्री ना धड पत्नी राहत असे, ना धड मोकळी होत असे. खौला प्रेषितांकडे आल्या, वाद घातला, हटल्या नाहीत. आणि आयत उतरली: ‘जी आपल्या पतीविषयी तुझ्याशी वाद घालत होती आणि अल्लाहकडे तक्रार करत होती, तिचे बोलणे अल्लाहने ऐकले आहे.’ ते शब्द उच्चारणाऱ्या पुरुषाला प्रायश्चित्त सांगितले गेले: एक गुलाम मुक्त करणे, ते शक्य नसेल तर सलग दोन महिने उपवास, आणि तेही झेपत नसेल तर साठ गरिबांना जेवण. खौला यांना कोणीही कृतघ्न म्हटले नाही. परंपरा असेही सांगते, की पुढे हजरत उमर खलिफा असताना या वृद्ध स्त्रीने त्यांना रस्त्यात थांबवून बराच वेळ खडे बोल सुनावले; सोबतच्यांनी आश्चर्य व्यक्त केले तेव्हा उमर म्हणाले, की जिचे बोलणे सात आकाशांपलीकडे ऐकले गेले, तिचे उमरने ऐकू नये काय? साम्राज्याच्या प्रमुखाने भर रस्त्यात उभे राहून ऐकून घेणे, याला इस्लामच्या परिभाषेत नम्रता म्हणतात. वाकायचे असते ते सत्ता असलेल्याने.

आता सर्वांत अवघड कबुली. शिकवण एवढी स्पष्ट होती, तर मुस्लिम समाजांत अहंकार का उरला? ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर एके काळी गुलाम असलेले बिलाल काबागृहाच्या छतावर चढून अजान देतात, आणि मक्केतील कुरैश टोळीच्या काही कुलीनांना ते सहन होत नाही, असे वर्णन आहे. पण त्यानंतर अडीच शतकेही उलटत नाहीत तोच दक्षिण इराकच्या खाऱ्या जमिनींवर राबवले जाणारे आफ्रिकी गुलाम ८६९ मध्ये बंड करून उठतात, आणि ते बंड ८८३ पर्यंत चालते. चौदाव्या शतकात दिल्लीच्या दरबारात वावरलेला जियाउद्दीन बरनी असा सल्ला देतो, की हलक्या कुळातल्या लोकांना लिहायला-वाचायला शिकवू नये, नमाज-रोजाच्या जुजबी नियमांपुरतेच त्यांना ज्ञान द्यावे. तो धर्मनिष्ठ होता, विद्वान होता आणि सर्वांत प्रतिष्ठित तोच जो सर्वांत ईशभीरू, ही एकोणपन्नासाव्या सूरेतील आयत त्याला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. मग त्याने जे केले ते इब्लीसच्या युक्तिवादाहून वेगळे कसे? या इतिहासाला उत्तर म्हणून ‘आमच्या धर्मात समता आहे’ एवढेच ऐकवणारे लोक एक गोष्ट विसरतात. चांगली शिकवण आपल्याकडे आहे हा अभिमान बाळगून त्या शिकवणीचे उल्लंघन झाकणे, हाही अहंकारच आहे. सत्य धुडकावण्याचा तो सभ्य प्रकार आहे. शिकवण जितकी स्पष्ट, तितका तिच्या वारसांवरचा दोष मोठा. ही कबुली दिल्याने इस्लामची बाजू लंगडी होते असे मला वाटत नाही. उलट, ती दिली नाही तरच ती लंगडी होते.

आणि अहंकाराचा सर्वांत घातक प्रकार धनातून किंवा कुळातून येतच नाही, तो धार्मिकतेतून येतो. ६५७ मधील सिफ्फीनच्या लढाईनंतर चौथे खलिफा हजरत अलींपासून फुटून निघालेल्या खारिजींचा इतिहास याच कारणासाठी प्रत्येकाने वाचावा. हे लोक ढोंगी नव्हते. त्यांच्या नमाजेपुढे इतरांना आपली नमाज थिटी वाटेल, अशा लोकांविषयीची हदीस परंपरेने त्यांनाच लागू केली आहे. तबरी यांच्यासारख्या इतिहासकारांनी एक प्रसंग नोंदवला आहे. यांच्यापैकी एकाने झाडाखाली पडलेला खजूर उचलून तोंडात टाकला, तेव्हा दुसऱ्याने त्याला हटकले, की मालकाला न विचारता आणि मोल न देता कसा खाल्लास? त्याने तो तोंडातून काढून टाकला. आणि याच लोकांनी प्रेषितांच्या एका सहकाऱ्याचे पुत्र अब्दुल्लाह इब्न खब्बाब यांना, त्यांची मते आपल्याशी जुळत नाहीत म्हणून, ठार केले आणि त्यांच्या गरोदर पत्नीलाही सोडले नाही. एका खजुराबाबत एवढी सावधगिरी आणि माणसाच्या जिवाबाबत एवढी बेफिकिरी एकाच मनात नांदू कशी शकते? आपण शुद्ध आहोत याविषयी शंका उरली नाही, की ती नांदू शकते. ६६१ मध्ये कूफा येथे अलींवर विषारी तलवारीने वार करणारा इब्न मुल्जिम याच पंथाचा होता.

आज कोणाचा ईमान (श्रद्धा) खरा आणि कोणाचा खोटा याचे दाखले वाटत फिरणारे लोक तलवार घेऊन येत नाहीत, एवढाच काय तो फरक. त्यांच्यासाठी ‘सहीह मुस्लिम’मधील दोन हदीसा पुरेशा आहेत. एक अशी, की ‘लोक बुडाले’ असे जो म्हणतो, तोच त्यांच्यात सर्वाधिक बुडालेला असतो. दुसरीत एक माणूस शपथेवर सांगतो, की अमक्याला अल्लाह क्षमा करणार नाही. त्यावर अल्लाह विचारतो, की माझ्या नावाने अशी शपथ घेणारा हा कोण? मी त्याला क्षमा केली आहे आणि तुझी सत्कृत्ये वाया घालवली आहेत. आयुष्यभराची उपासना एका वाक्यात वाया जाते, आणि ते वाक्य नास्तिकाचे नसून धर्मनिष्ठाचे असते. कृतज्ञता असेल तर हे वाक्य तोंडातून निघणार नाही, कारण आपली नमाज, आपले ज्ञान, आपला ईमान हेही मिळालेले दान आहे असे ज्याला वाटते, त्याला ते न मिळालेल्या माणसाचा तिरस्कार करण्याचे कारण उरत नाही. जी गोष्ट व्यक्तीची तीच समूहाची. ६३० मध्ये हुनैनच्या लढाईला निघालेले मुस्लिम सैन्य सुमारे १२,००० होते, एवढे मोठे सैन्य त्यांनी तोवर कधी पाहिले नव्हते, आणि पहिल्याच माऱ्यात ते पांगले. कुरआनाने नवव्या सूरेत त्याचे कारण सांगितले ते असे, की तुमच्या संख्येचा तुम्हाला गर्व झाला होता, पण ती तुमच्या काही कामी आली नाही. विजयाच्या काळातच अनुयायांना त्यांच्या गर्वाबद्दल सुनावणारा ग्रंथ गर्वाला पोसण्यासाठी वापरला जावा, याचे दुःख व्हायला हवे.

टीकाकारांना शेवटी एवढेच सांगायचे आहे, की कुरआन आज्ञाधारक दुबळेपणाला सद्गुण मानतो, हा त्यांचा समज चौतिसाव्या सूरेतील एका संवादापुढे टिकत नाही. न्यायाच्या दिवशी दुबळे लोक अहंकारी पुढाऱ्यांना म्हणतात, की तुम्ही नसता तर आम्ही श्रद्धावंत झालो असतो. पुढारी म्हणतात, आम्ही काय तुम्हाला अडवले होते? तुम्हीच अपराधी होता. त्यावर दुबळे म्हणतात, तुमचे रात्रंदिवसाचे कारस्थान होते ते. आणि शेवटी साखळ्या दोघांच्याही गळ्यात पडतात. ज्यांनी मान खाली घालून पुढाऱ्यांचे ऐकले, त्यांना आज्ञापालनाचे बक्षीस मिळालेले नाही.

आणि प्रवचनकारांना सांगायचे ते असे, की शुक्रावर बोलायचे असेल तर समोर बसलेल्यांपैकी कोणाशी बोलतो आहोत हे आधी ठरवावे. ‘सहीह बुखारी’मधील एका हदीसेत अल्लाह सांगतो, की न्यायाच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध मी स्वतः फिर्यादी असेन, आणि त्यांतला एक तो, ज्याने मजुराला कामाला लावले, त्याच्याकडून काम पुरेपूर करून घेतले आणि मजुरी दिली नाही. तो मालक आणि तो मजूर नमाजेसाठी बहुधा एकाच रांगेत उभे असतात. आजवर खुत्ब्यात (शुक्रवारच्या नमाजेच्या प्रवचनात) शुक्राची गोष्ट मजुराला ऐकवली गेली आहे. ती मालकाला, त्याच्याकडे थकलेल्या मजुरीच्या हिशेबासह, ऐकवावी.